न पाहिलेला पाळणा

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण आम्ही उभयतांनी आपापल्या शाळांत कितीतरी वर्षे शिकवली. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा, दोन गुण. मुले वाक्यात बहुधा लोकमान्य टिळकांना आणीत. टिळकांचा जन्म १८५६ मध्ये आमच्या या रत्नागिरीतच झाला असल्यामुळे इथल्या मुलांना ते वाक्य आयतेच हाती लागे, आणि आम्ही त्यावर निःशंकपणे बरोबरची खूण करीत असू. पुढे आमच्या घरी एक मुलगा आला. त्याचे पाय आम्ही प्रथम पाहिले तेव्हा ते साडेतीन वर्षांचे झाले होते आणि एका मापाने मोठ्या असलेल्या रबरी चपलांत होते. पाळणा आम्ही पाहिलेलाच नव्हता. तो कुठे होता, होता की नव्हता, कोणी हलवला, हे आजही आम्हांला ठाऊक नाही.

आमच्यापैकी एक वसईकडचा, दुसरी सावंतवाडीकडची. नोकरीने दोघांना रत्नागिरीत आणले आणि इथेच ठेवले. लग्नाला बारा वर्षे झाली तरी घरात मूल नव्हते. १९९४ च्या जूनमध्ये घाटावरच्या एका शहरातल्या संस्थेतून आम्ही त्याला आणले. साडेतीन हे वयही अंदाजाचे. दात पाहून डॉक्टरांनी ठरवलेले. कागदावर जी जन्मतारीख होती ती कोणीतरी कार्यालयात बसून दिलेली होती. निघताना तिथल्या बाईंनी कौतुकाने सांगितले, “फार गुणी आहे. कधी रडत नाही.” आम्हांला ते ऐकून आनंद झाला, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. न रडणारे मूल मिळाले, यात आम्हांला आमचे भाग्य दिसले.

एस. टी. आंबा घाटात शिरली तेव्हा पाऊस कोसळत होता. वळणावळणाला मोठी माणसे घाबरून दांडी धरत होती. तो ताठ बसून होता. ज्या घरात त्याची तीन वर्षे गेली ते मागे सुटले, त्याबद्दल त्याने एक शब्द विचारला नाही, मागे वळून पाहिले नाही. साखरप्याला गाडी थांबली तेव्हा तो उठला आणि कंडक्टरच्या मांडीवर जाऊन बसला. कंडक्टर खूश. सगळी गाडी खूश. “माणसाळलेला आहे हो तुमचा पोरगा!” असे एक गृहस्थ म्हणाले, आणि ‘तुमचा’ हा शब्द ऐकून आमच्यातील आईने तोंड खिडकीकडे फिरवले.

घरी आल्यावर तो तिला ‘ताई’ म्हणू लागला. संस्थेत मुलांना सांभाळणाऱ्या सगळ्याच बायका ‘ताई’ असत. सकाळची ताई, रात्रीची ताई, रविवारची ताई. पाळी संपली की ताई जाई आणि दुसरी ताई येई. आमच्या घरातली ताई संध्याकाळीही जात नाही, हे त्याच्या ध्यानात यायला बराच काळ लागला. दिवेलागणीला तो दाराशी जाऊन उभा राही. आम्हांला वाटे, याला खेळायला जायचे आहे. आज वाटते, तो पाळी बदलण्याची वाट पाहत असावा. ‘ताई’ची ‘आई’ व्हायला चौदा महिने लागले. तो दिवस कोणता होता हे विचारू नये; आमच्या घरात त्यावर दोन मते आहेत.

कायद्याच्या दृष्टीने तर ती आई नव्हतीच. त्या काळी ख्रिस्ती माणसाला दत्तक घेण्याची सोय कायद्यात नव्हती. १९५६ चा दत्तकाचा कायदा हिंदूंपुरता. आमच्यासाठी होता तो १८९० चा पालक आणि पाल्य कायदा, इंग्रजी अमदानीतला. न्यायालयाने आम्हांला ‘पालक’ नेमले आणि त्याला आमचा ‘पाल्य’. मूल सज्ञान झाले की संपणारे नाते! रेशनकार्डावर नात्याच्या रकान्यात कारकुनाने ‘पाल्य’ लिहिले आणि आम्ही ते कार्ड कपाटात अगदी तळाशी ठेवून दिले. साडेतीन वर्षे ज्याला कायमचे असे कोणी लाभले नव्हते, त्याला सरकारने पुन्हा मुदतीचेच आईबाप दिले होते. त्याला वाचता येत नव्हते, एवढेच बरे.

मग मुंग्या आल्या. कोकणात पावसाळ्यात मुंग्या येतातच, पण या एका रेषेत त्याच्या गादीकडे जात होत्या. गादी उचलली. खाली चपातीचे वाळलेले तुकडे, अर्धे केळे, खोबऱ्याची कातळी, भाताचा कडक झालेला गोळा, आणि शेजारच्या घरच्या गणपतीतला एक मोदक, बुरशीने हिरवा झालेला. आमच्या घरी अन्नाला तोटा नव्हता. तीनदा जेवण, मधल्या वेळी काहीबाही. असे असता हे मूल अन्न चोरते? आम्ही दोघेही शिक्षक. चोरी या शब्दापुढे आमची बुद्धी फारशी चालत नाही. आधी समजावले. मग रागावलो. तिसऱ्यांदा गादीखाली भाजीच्या फोडी निघाल्या तेव्हा आमच्यातील बापाचा हात उठला.

तो रडला नाही. तो शांतपणे उठला, खोलीच्या कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कोणी सांगितले नव्हते. किती वेळ उभे राहायचे हेही त्याला माहीत असावे, कारण आम्ही “ये रे, ये इकडे” म्हणत असताना तो हलला नाही. त्याच्या हिशेबाने वेळ पुरी झाली तेव्हाच तो वळला. त्यानंतर त्याने काय केले असेल? हसला. पाहुण्यांपुढे हसावे तसा.

ते हसू आम्हांला आजही आठवते, आणि आमच्या आयुष्यात आम्ही पुसून टाकू इच्छितो अशा ज्या काही घटका आहेत, त्यांत ही पहिली आहे.

वाट दाखवली ती शेजारच्या काकूंनी. त्या काही शिकलेल्या नव्हत्या. आठ मुलांपैकी पाच वाढवलेल्या. आम्ही आमचे रडगाणे त्यांच्यापुढे गायलो. त्या म्हणाल्या, “त्याला त्याचा सोताचा डबा द्या. भरलेला. आणि रिता होऊ देऊ नका.” झाले. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, तो घासूनपुसून त्याच्या उशाशी ठेवला. त्यात बिस्किटे, चणे, गुळाचा खडा, कुरमुऱ्याचा लाडू. हा तुझा, यातले कोणी घेणार नाही, संपले की आम्ही भरू. पहिल्या रात्री त्याने तो चार वेळा उघडून पाहिला. झाकणाचा आवाज आम्ही अंधारात ऐकत पडलो होतो. पहिल्या आठवड्यात तो रोज सगळे संपवी. पुढे रोज मोजी. नंतर नुसते झाकण उघडून पाही. दीड-दोन वर्षांनी एकदा डबा घासायला घेतला तर आतले चणे किडले होते. तो विसरला होता! किडलेले चणे पाहून कोणाचे डोळे भरून आल्याचे आमच्या ऐकिवात नाही, आमचे आले.

काकूंनी जे एका वाक्यात सांगितले, त्यासाठी थोरामोठ्यांना किती खटपट करावी लागली ते आम्ही पुढे वाचले. जॉन बोल्बी या इंग्रज मानसोपचारतज्ज्ञाने दुसऱ्या महायुद्धात घरादाराला मुकलेल्या मुलांविषयी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये एक अहवाल लिहिला. मुलाला अन्नवस्त्राइतकीच एका कायमच्या माणसाची गरज असते, असे त्याचे सांगणे. त्याने सारा भार आईवरच टाकला होता. पुढच्या अभ्यासकांनी तो थोडा हलका केला. आईच हवी असे नाही. बाप चालेल, आजी चालेल, मावशी चालेल. पण उद्याही तीच दिसली पाहिजे. १९८९ च्या डिसेंबरात रुमानियात चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि तिथल्या अनाथालयांची दारे जगाला उघडी झाली. खाटांच्या रांगा, आणि त्या खोल्यांत रडण्याचा आवाज नाही. रडून कोणी येत नाही हे कळले की मूल रडणे सोडते. ‘फार गुणी आहे’ या शब्दांचा अर्थ आम्हांला तेव्हा, इतक्या वर्षांनी, लागला.

त्या मुलांपैकी काहींना इंग्लंडमधल्या कुटुंबांनी दत्तक घेतले. मायकल रटर आणि त्यांचे सहकारी त्यांच्या मागावर राहिले, मुले मोठी होईपर्यंत. सहा महिन्यांच्या आत जी घरात आली ती बहुतेक इतर मुलांसारखीच वाढली. त्याहून अधिक काळ जी तिथे राहिली, त्यांच्यातल्या अनेकांच्या अडचणी तारुण्यापर्यंत टिकल्या: चंचलपणा, मित्र जोडता न येणे, आणि परक्या माणसाची भीती अजिबात न वाटणे. ही शेवटची ओळ वाचून आम्ही पुस्तक मिटले. साखरप्याचा कंडक्टर आठवला. आम्ही ज्याला माणसाळलेपणा म्हणत होतो तो माणूस माणसापासून वेगळा न ओळखण्याचा परिणाम होता. पुढे बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवड करून त्यांच्यातल्या निम्म्या मुलांना सांभाळणारी कुटुंबे दिली गेली. जी दोन वर्षांची होण्याआधी कुटुंबात गेली त्यांची प्रगती अधिक चांगली झाली. आमचा मुलगा साडेतीनचा होता. असे आकडे वाचताना आईबाप त्यांत आपल्या मुलाचे वय शोधतात, आणि ते वय रेषेच्या पलीकडे सापडले की जेवण गोड लागत नाही.

पण त्याच इंग्लंडमधल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, जी फारशी कोणी सांगत नाही. सहा महिन्यांहून अधिक काळ त्या नरकात काढलेल्या मुलांपैकीही साधारण पाचवा हिस्सा मुले अशी होती, की ज्यांना मोठेपणी यांतली कुठलीच अडचण नव्हती. का, ते निश्चितपणे कोणाला सांगता आलेले नाही. आम्ही त्या पाचव्या हिश्शाला धरून बसलो.

रविवारी संध्याकाळी आम्ही त्याला थिबा राजवाड्याकडे फिरायला नेत असू. राजवाड्यापलीकडच्या कड्यावरून खाली भाट्याची खाडी दिसते, काजळी नदी समुद्राला मिळते ती जागा दिसते, सूर्य मावळतो. एकदा आम्ही क्षणभर खाडीकडे पाहत राहिलो आणि तो नाहीसा झाला. सापडला तो एका मोटारीशी. कोल्हापूरच्या एका कुटुंबाचा हात धरून तो गाडीत चढण्याच्या बेतात होता. त्या बाई म्हणाल्या, “आम्ही याला विचारलं, येतोस का? तर लगेच हो म्हणाला!” त्यांनी थट्टेने विचारले होते. तो थट्टेने हो म्हणाला नव्हता. त्याला चालले असते. हे दुःख कोणाला सांगावे?

त्या संध्याकाळी राजवाड्याच्या पायरीवर बसून आमच्या मनात प्रथम त्या चार मुलींचा विचार आला. तोवर आम्ही राजाची गोष्ट ऐकली होती, मुलींची कधी ऐकली नव्हती.

१८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले. थिबा राजा आणि राणी सुपयालत यांना बैलगाड्यांतून नदीकडे आणि तिथून आगबोटीवर नेण्यात आले. बरोबर दोन लहान मुली. थोरली पाच वर्षांची, दुसरी तिच्याहून धाकटी. राणीच्या पोटात तिसरी. ती १८८६ च्या मार्चमध्ये मद्रासला जन्मली, आणि एप्रिलमध्ये ते कुटुंब रत्नागिरीला आले. चौथी इथेच, १८८७ मध्ये. आज आपण पर्यटकांना तो जांभ्याचा, कमानींच्या खिडक्यांचा लाल वाडा दाखवतो आणि म्हणतो, इथे राजकन्या वाढल्या. ते खरे नाही. वाडा पुरा झाला १९१० मध्ये. तेव्हा थोरली तिशीला आली होती. त्यांचे बालपण गेले ते सरकारने दिलेल्या बंगल्यांत, पोलिसांच्या पहाऱ्यात, परवानगीवाचून बाहेर न पडता. बाप राजा, पण ज्याच्यावर राज्य करावे असे कोणी नाही. आई राणी, पण जुने दिवस परत येतील या आशेवर जगणारी. बरोबरीची मुले नाहीत. नोकरांशी बोलून बोलून त्या हिंदुस्थानी आणि मराठी शिकल्या. लग्ने होईनात, कारण राजरक्ताचा वर हवा, आणि तो रत्नागिरीत कुठून यावा?

स्वतः थिबा राजाचे लहानपण तरी कुठे सुखाचे होते? त्याच्या आईला मिंदोन राजाने राजवाड्यातून घालवून दिले होते. तो मठात, पोथ्यांत वाढला. असो. आम्ही सांगत होतो मुलींची गोष्ट.

पाळण्यातले पाय पाहणाऱ्याने या चौघींविषयी काय भाकीत केले असते? मंडालेचा सोनेरी राजवाडा डोळ्यांनी पाहिलेली, त्याची आठवण असू शकेल अशी एकटी थोरली. तिने सिंहासनासाठी झुरावे. आणि जिने ब्रह्मदेश पाहिलाच नाही, जी आमच्या रत्नागिरीच्या मातीत जन्मली, त्या धाकटीने इथली होऊन जावे. घडले ते नेमके उलटे. थोरलीचे मन जडले ते राजाच्या पदरी दरवान असलेल्या गोपाळ सावंत यांच्यावर, ज्यांचे आधीच लग्न झालेले होते. १९०६ मध्ये तिला मुलगी झाली, टुटू. राजा १९१६ मध्ये वारला. १९१९ मध्ये कुटुंब ब्रह्मदेशात परतले, आणि थोरली थोड्याच काळात मुलीला घेऊन रत्नागिरीला परत आली. १९४७ मध्ये ती इथेच वारली, दारिद्र्यात. धाकटी मात्र बत्तीस वर्षांची होऊन प्रथमच आईबापांच्या देशात उतरली, आणि राजघराण्याच्या मालमत्तेविषयी, हक्कांविषयी इंग्रज सरकारकडे मागण्या करणारी तीच निघाली. सरकारने तिला रंगूनहून मोलमेनला हलवले. तिथे १९३६ मध्ये तिचे निधन झाले. दुसरीने आईचा विरोध पत्करून १९१७ मध्ये लग्न केले आणि पुढे कालिंपाँगला संसार मांडला. तिला मूल झाले नाही. तिने एक मुलगा आपला म्हणून वाढवला. हे वाचल्यापासून ती आम्हांला चौघींत जवळची वाटते.

एकच घर, तेच आईबाप, तोच पहारा. मुली चार आणि आयुष्ये चार. बालपणाचा ठसा कोणावर उमटला नाही असे नाही; चौघींच्याही आयुष्यावर तो बंगला शेवटपर्यंत पडलेला दिसतो. पण ठशाचा अर्थ काय होईल हे त्या ठशावरून वाचता येत नाही, असे आम्हांला वाटू लागले. थोरली परत का आली? लोक म्हणतात, प्रेमासाठी. असेलही. आम्हांला वाटते, पाचव्या वर्षी जिचे सगळे एका दिवसात सुटले, तिला जे एक माणूस आणि जे एक गाव पुढे सापडले, ते तिला पुन्हा सोडवेना. हा आमचा तर्क आहे. आम्ही इतिहासकार नव्हे.

टुटूबाई २००० पर्यंत हयात होत्या. ब्रह्मी राजाची नात, मराठी बोलणारी, कष्टाने संसार केलेली. गावातले लोक पाहुण्यांना त्यांच्याविषयी सांगत ते नेहमी चुकचुकत. राजाची नात, आणि पाहा कशी राहते! आमच्या मुलाकडे पाहूनही लोक असेच चुकचुकत, उलट्या दिशेने. “कुठला कोण, आणि पाहा नशीब काढलं!” दोन्ही चुकचुकण्यांत मुलापेक्षा त्याच्या उगमाकडे लक्ष अधिक.

या रत्नागिरी जिल्ह्यातच पालगड आहे, साने गुरुजींचे गाव. १९३३ मध्ये त्यांनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. आम्ही दोघांनी ते पुस्तक वर्गात वाचताना मुलांना रडवले आहे आणि स्वतः रडलो आहोत. तरी एक गोष्ट बोलून दाखवतो. त्या पुस्तकाने मराठी माणसाच्या मनावर आईच्या संस्कारांचा असा पगडा बसवला, की ज्या मुलाला आरंभी आईच नव्हती त्याच्याविषयी काय म्हणावे ते आपल्याला सुचत नाही. आपण म्हणतो, संस्कार नाहीत. आमच्या मुलाने शाळेत डबा पळवला तेव्हा त्याच्या बाई नेमके हेच म्हणाल्या. संस्कार होते! साडेतीन वर्षांचे, खोल, पक्के संस्कार होते: मिळेल तेव्हा खा, उरेल ते लपव, रडू नकोस, जो हात पुढे येईल तो धर. ज्या घरात ते झाले त्या घरात ते शहाणपणाचेच होते. आमच्या घरात ते गैरवर्तन ठरले.

मग मागे वळून आमचे वर्ग आठवू लागले. पहिल्या तासाला झोपणारा तो खालाशाचा मुलगा, ज्याला आम्ही बाकावर उभे करीत असू. मिरकरवाड्यावर बाप होडीवर गेला की रात्रभर आईबरोबर जागणारा. बाप मुंबईत, बाप आखातात, मनिऑर्डर वेळेवर आणि माणूस वर्षातून एकदा; अशी मुले तर पटावर निम्मी. आंब्याच्या बागा राखायला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुले, हंगामापुरती शाळेत येणारी, नाव पाठ होईतो निघून जाणारी. त्यांच्यातली एक मुलगी वर्गात कधीच बोलली नाही. प्रगतिपुस्तकात आम्ही शेरा लिहिला होता, ‘मंद’. अक्षर आमचेच, नाकारता येणार नाही. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलाच्या दारी शाळा नेली, ती मुलाला आधी पाहावे आणि मग शिकवावे म्हणून. त्यांच्यावर आम्ही परीक्षेत टिपा लिहिल्या होत्या, पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या.

२००० च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात ख्रिस्ती दांपत्याचा दत्तकाचा हक्क मान्य केला. त्याच साली नवा बालन्याय कायदा आला आणि कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेण्याची वाट हळूहळू मोकळी झाली. आमचे वकील उत्साहाने घरी आले. आता ‘पालक’ नको, आईबाप व्हा! मुलगा साडेनऊ वर्षांचा होता. त्याला विचारल्यावाचून करायचे नाही असे आम्ही ठरवले आणि जेवायला बसल्यावर विचारले. तो बराच वेळ भात चिवडत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे आत्तापर्यंत मी नव्हतो?”

आम्ही निरुत्तर झालो. कायदा समजावून सांगावा तर त्याला कळेल, आणि कळले की अधिकच लागेल. शेवटी आमच्यातील आई म्हणाली, “आम्हांला तू ठाऊक होतास. सरकारला आत्ता कळलं.” तो हसला. पाहुण्यांपुढचे नव्हे, खरे हसू. पण त्या रात्री स्वयंपाकघरात झाकणाचा आवाज झाला. किती वर्षांनी! आम्ही उठलो नाही. सकाळी पाहिले तर तो जुना पत्र्याचा डबा माळ्यावरून खाली, त्याच्या उशाशी होता. आमच्यातील बापाने त्यात बिस्किटे भरली. कोणीच काही बोलले नाही. महिनाभर तो तिथेच होता, मग पुन्हा माळ्यावर गेला.

सगळे सुरळीत झाले, असा या लेखाचा सूर वाटला तर तो आमचा दोष. तो दहावीला गणितात राहिला. पंधराव्या वर्षी, कारण आजतागायत कळले नाही, दोन रात्री घराबाहेर होता. सापडला तो मिरकरवाड्याला ओढून ठेवलेल्या एका होडीत झोपलेला. कोणी ठरल्या वेळेला पाच मिनिटे उशिरा आले तर आजही त्याचा चेहरा दगडासारखा होतो आणि मग तो दिवसभर कोणाशी बोलत नाही. पोट भरले हे त्याला लवकर कळत नाही. हे जाईल असे आम्हांला पूर्वी वाटे. आता वाटत नाही, आणि त्याचे पूर्वीइतके दुःखही होत नाही. आंब्याच्या झाडाला लहानपणी तार गुंडाळली गेली तर पुढे झाड तिच्यावरून वाढते. तार आत राहते. मोहोर येतो.

आज तो बोटींची इंजिने दुरुस्त करतो. त्याच्या हाताला गुण आहे, असे बंदरावर सांगतात. लग्न झाले, सूनबाई गोड आहे आणि त्याच्यापेक्षा खंबीर आहे. त्यांची मुलगी गेल्या जूनमध्ये साडेतीन वर्षांची झाली. तिचा पाळणा आम्ही पाहिला आहे, हलवला आहे. त्याला तो हलवताना पाहिले आहे. रात्री ती नुसती चुळबुळली तरी तो उठत असे, आणि सूनबाई वैतागून म्हणे, “अहो, तिला जरा रडू तरी द्या!”

जूनमध्ये ती अंगणवाडीत जाऊ लागली. पहिल्या दिवशी सकाळी साडेदहाला त्याचा फोन आला. आमच्या काळजात धस्स झाले, कारण तो कामावरून कधी फोन करीत नाही. पलीकडे पावसाचा आवाज आणि त्यात दुसरा एक आवाज.

“आई, रडतेय ती,” तो म्हणाला. “केवढ्यानं रडतेय! ऐक.”

त्याने फोन खिडकीकडे धरला असावा. आमची नात भोकाड पसरून बापाला हाका मारत होती. अंगणवाडीच्या ताई तिला समजावत होत्या, आणि ती त्यांच्याकडे जायला मुळीच तयार नव्हती.

“अरे, मग आत जाऊन घे ना तिला!”

“बाई म्हणतात पाच मिनिटं थांबा, राहील.” तो क्षणभर गप्प राहिला. “मी इथेच आहे. भिंतीला लागून उभा आहे.”

छत्री होती का, असे आम्ही विचारले. ती तो कामावर विसरला होता.